तिसरी हीट

२०१८ साली कमर्शियल कोर्ट कायद्याखालच्या दाव्यांची किमान मर्यादा १ कोटीवरून ३ लाखांवर आली आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या लहान फाउंड्र्यांची, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांची, थकबाकीही त्या कायद्यात बसू लागली. मोठ्या कंपन्यांचे दावे मी हयातभर चालवले. तरी उलटतपासणीत छाती धडधडली ती अशाच एका फाउंड्रीच्या दाव्यात.

पंपाच्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, पैसे थकले होते. समोर बाहेरगावची बडी कंपनी. कायद्यानं दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, पण तिथं ते फिरकलेच नाहीत. आमची नोटीस गेल्यावर मात्र डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, निघाली : मालात ब्लोहोल (ओतताना वायू अडकून राहिलेल्या पोकळ्या), म्हणून रिजेक्ट. दावा लागल्यावर १२० दिवसांची शेवटची मुदत संपता संपता लेखी कैफियत आली, सोबत प्रतिदावाही.

माल ठेवून घेऊन गप्प बसलेल्या खरेदीदारानं तो स्वीकारला असं माल विक्री कायद्याचं कलम ४२ धरतं. पण ‘दोष आत होता, मशीनिंग केल्यावर दिसला’ हे त्यांचं उत्तर पोकळ नव्हतं. ब्लोहोल तसेच दडून बसतात. त्यामुळे सगळा भार त्यांच्या क्वालिटी मॅनेजरच्या प्रतिज्ञापत्राला जोडलेल्या फोटोंवर आला.

ते फोटो घेऊन मी संध्याकाळी फाउंड्रीत गेलो. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दिव्याखाली धरला आणि कास्टिंगवर उठलेल्या हीट नंबरावर बोट टेकवलं. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला घाणा. आधी महिन्याचं अक्षर, मग तारीख, शेवटी त्या दिवसाची कितवी हीट. ‘‘साहेब, ह्यो माल आमचा न्हवं. त्या दिवशी तिसरी हीट लागलीच न्हाई की हो.’’

हीट रजिस्टर आम्ही इंग्रजी भाषांतरासह दाव्याबरोबरच दाखल केलं होतं. त्या तारखेखाली, काळ्या बोटांच्या ठशांमध्ये, मिस्त्रींच्या हातचं मराठी : दोन हीट, मग ‘लायनिंग फुटलं, भट्टी बंद’. लायनिंग म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर. कंपनीचे फोटो कोर्टात आले ते रजिस्टर दाखल झाल्यानंतर. रजिस्टर मागाहून रचलं असं म्हणायला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरना मी आवाज न चढवता विचारत गेलो. हाच पार्ट दुसऱ्या फाउंड्रीकडूनही घेता? हो. ड्रॉइंग एकच? हो. दोन्हींचा माल वेगळा ठेवता? ते घुटमळले, मग म्हणाले, स्टोअरला माहीत. डेबिट नोटमध्ये हीट नंबर लिहिलेत? नाही. मग फोटोतला नंबर वाचायला सांगितला. त्यांनी वाचला. शेवटचा आकडा तीन. मी रजिस्टरचं ते पान पुढं केलं. त्यांच्या वकिलांनी हरकत घेतली, पण न्यायाधीशांनी स्वतः फोटो मागून घेतला आणि पानाशेजारी ठेवून बराच वेळ पाहिला.

फोटोतला माल आमचा नाही हे ओळखलं ते मिस्त्रींनी. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या त्या माणसानं रोजच्या रोज, कुणी मागितलं नसताना, खरं तेच लिहून ठेवलं होतं. युक्तिवादात मी हे मुद्दाम सांगितलं.

प्रतिदावा फेटाळला गेला, आमचा दावा व्याजासह मंजूर झाला. कंपनी हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात अपिलात गेली आणि तिथं तडजोडीला तयार झाली. मुद्दल पूर्ण मिळाली. कामगारांचे पगार तुंबले होते म्हणून मालकांनी निम्मं व्याज सोडलं. मी विरोध केला होता, आणि ते व्याज सोडायला नको होतं असंच मला आजही वाटतं.