येळ्ळूर ते मिरामार: 113 किलोमीटरचा हिशेब

शुक्रवारी पहाटे बेळगावजवळच्या येळ्ळूरहून निघालो तेव्हा गाडीच्या काचा धुक्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. जांबोटीपर्यंत स्वेटर अंगावर होता. कणकुंबीला चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभा होतो. चोर्ला घाटाची वळणं उतरून गोव्यातल्या केरीत काच खाली केली, तर ओलं फडकं तोंडावर टाकावं तशी हवा आली. मला जे सांगायचंय ते या एवढ्या रस्त्यात आलं. आपण बेळगावकर साडेसातशे मीटर उंचीवर, पहाटेच्या गारव्यात सराव करतो आणि शर्यत असते समुद्रकाठी, घामाच्या हवेत. वर्षभर मी मेहनत कमी केली नाही, पण घाटाच्या खाली उतरून केली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, 2019 पासून अर्धी आयर्नमॅन शर्यत होते. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं, सगळं मिळून 113. मैलांत 70.3, म्हणून 'आयर्नमॅन 70.3' या नावात तो आकडा. साडेआठ तासांत संपवायचं. त्यातही पोहण्याला 1 तास 10 मिनिटं, आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपलेली हवी. मी 43 वर्षांचा, उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये शिफ्टची नोकरी. 7 तास 47 मिनिटांत पोचलो.

आता पोहणं. जे आपल्याला चांगलं येतं असं समजतो तिथंच माणूस फसतो. मी विहिरीत शिकलो. कमरेला डबा बांधून मामानं सोडलं होतं आणि वरून आई ओरडत होती, "काठ धर रे, काठ धर!" पुढं गावातल्या तलावात दीड-दोन किलोमीटर सहज पोहायला लागलो. पण विहीर काय, तलाव काय, हात लांब केला की भिंत लागते. समुद्रात पहिल्या दोनशे मीटरला लाट तोंडावर आली, घशात खारं पाणी गेलं, मागून कुणाचा तरी हात पायावर पडला आणि माझा श्वास अडकला. बघावं तिकडं नुसतं पाणी. छातीत एवढी धडधड की शर्यत इथंच सोडावी असं वाटलं.

हात वर केला. कायाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन एक गोव्याचा पोरगा जवळ आला. कायाकला धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिनं तुम्हाला पुढं ओढून न्यायचं नाही. मी दोरी धरली. तो म्हणाला, "काका, श्वास घेऊ नका, आधी सोडा." तेव्हा ध्यानात आलं, मी इतका वेळ हवा नुसती आत ओढत होतो. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडले, पुन्हा सोडले, दहा वेळा सोडले. मिनिटभरात हात सैल पडले. तिथून मोजत गेलो, सहा हात मारायचे आणि मग फक्त डोळे पाण्यावर काढून पुढचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, बघायचा. 54 मिनिटांत वाळूला पाय लागले.

तेव्हा जाणाऱ्यांनो, तलावात किती फेऱ्या मारल्या यावर जाऊ नका. शर्यतीआधी निदान चार वेळा समुद्रात उतरा. वेंगुर्ला, मालवण, कारवार, सगळं आपल्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. एकट्यानं जायचं नाही, जीवरक्षक असतील तिथंच उतरायचं, भरती-ओहोटी विचारून घ्यायची, कमरेला नारिंगी फुगा बांधायचा. आणि तलावात असताना फक्त डोळे वर काढून पोहायची सवय लावा. मान उंच काढली की कंबर खाली जाते आणि पाय बुडतात. विहिरीत शिकलेल्या माझ्यासारख्यांची ही मान काढायची सवय मोडायला तीन महिने लागतात.

कपड्यांचा एक मुद्दा. परदेशातले व्हिडिओ बघून वेटसूटवर, म्हणजे थंड पाण्यात अंग गरम ठेवणाऱ्या रबरी पोशाखावर, पैसे घालू नका. आपला समुद्र कोमट असतो, 24.5 अंशांच्या वर पाणी गेलं की वेटसूट घालून वयोगटाचं बक्षीस मिळत नाही, आणि त्या पाण्यात तो अंगावर सोसवणारही नाही.

सायकलीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग आपला आहे. ज्यानं राजहंसगडाचा चढ शिवरायांच्या पुतळ्यापर्यंत आठवड्यातून दोनदा चढलाय, वंटमुरी घाटात ट्रकच्या धुरात पायडल मारलंय, त्याच्या मांड्या पणजीच्या रस्त्याला भीत नाहीत. माझं नुकसान चढानं नाही, एका गतिरोधकानं केलं. विसाव्या किलोमीटरला सायकल उडाली आणि मागची बाटली रस्त्यावर. सगळं मीठ त्याच बाटलीत घोळलेलं. थांबून परत जावं तर मागून सायकलींची रांग. पुढं साध्या पाण्यावर निघालो. घाम भरपूर आणि वर नुसतं पाणी पिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं जड होतं, मळमळतं. ऐंशीव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले.

म्हणून मीठ दोन ठिकाणी ठेवा, अर्धं बाटलीत आणि अर्धं गोळ्यांच्या रूपात खिशात. बाटलीच्या पिंजऱ्याला रबर लावा. खाणं घड्याळावर खा, भुकेवर नको. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं धरा, म्हणजे दोन मध्यम केळी आणि दोन-तीन खजूर. मी मीठ लावलेले उकडलेले बटाटेही नेले होते, ते पोटाला मानवले. सरावात जे खाल्लं तेच तिथं खायचं. रस्त्यात कुणी छान पाकीट पुढं केलं तरी नवं काही तोंडात घालू नका.

नियमांत दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा. आणि पुढच्या सायकलीपासून 12 मीटर अंतर ठेवायचं. आपल्याकडं रविवारी खानापूर रोडला ग्रुपनं चाक-चाकाला लावून जायची सवय असते, ती तिथं दंड लावते.

धावायला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इथं मला बेळगावची खरी उणीव कळली. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पहाटे मी किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी बोलत बोलत धावतो. तोच वेग धरला आणि दुसऱ्या किलोमीटरला नाडी 170 च्या वर. हवेत आधीच एवढा ओलावा की घाम वाळतच नाही, अंग थंड होणार कसं? आठव्या किलोमीटरला कडेला उभा राहिलो. पायातले गोळे दगडासारखे. तेवढ्यात हुबळीकडचा एकजण मागून आला, माझ्या बनियनवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "बेळगाव एन्री? नडीरी, नडीरी!" त्या 'नडीरी'नं, म्हणजे कन्नडमधल्या 'चला'नं, मी खरंच चालायला लागलो. पाण्याच्या टेबलापासून पुढच्या टेबलापर्यंत हळू धावायचं, टेबलाजवळ चालायचं, बर्फ टोपीत आणि मानेवर ठेवायचा, मीठ मागून घ्यायचं. 21 किलोमीटरला 2 तास 59 मिनिटं लागली.

अंगाला गरम हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. एवढी रजा कुणाला मिळते? मग ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत, आधी वीस मिनिटं आणि मग वाढवत चाळीस मिनिटं हळू धावा. सोबत कुणीतरी हवंच, पाणी हवंच, आणि पन्नाशीच्या आसपास असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. चक्कर किंवा थंडी वाजल्यासारखं झालं की त्या क्षणी थांबायचं. शर्यतीत वेग नव्हे, नाडी बघायची. बेळगावच्या वेगात किलोमीटरमागं निदान मिनिटभर मिळवा आणि तोच आपला वेग समजा.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर चोर्ल्यानं उजेडात उतरा, पावसाळा लांबला तर घाटात काही दिसत नाही. शर्यत रविवारी आणि सायकल आदल्या दिवशी जमा करावी लागते, म्हणून शुक्रवारीच पोचलेलं बरं. जमा करताना चाकांतली थोडी हवा सोडा, दिवसभर उन्हात ट्यूब फुटतात. पहाटे पुन्हा भरायची. आणि घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकलची साखळी पुसून तेल द्या. मी दुसऱ्या दिवशी बघितली, तोवर गंज धरला होता.

सोमवारी संध्याकाळी आईच्या हातात मेडल दिलं. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं, पदरानं पुसलं आणि विचारलं, "एवढ्या पाण्यात काठ कुठं होता रे?"

मी तिला त्या दोरीबद्दल सांगितलं.