2001 ची बाटली नाही

"2001 ची नाही मिळणार. त्या वर्षी आम्ही केलीच नाही."

शातो-शालों गावातल्या तळघरात वाइन दाखवणाऱ्या आजी हे इतक्या सहज बोलल्या, की पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही.

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडला लागून असलेला हा जुरा. उतारावर द्राक्षमळे, वर फरची दाट जंगलं, मधूनच शालँसारखं निळं-हिरवं तळं. शेजारच्याच आर्ब्वात लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला, आणि वाइनवरचे प्रयोगही त्याने तिथे केले.

इथली पिवळी वाइन, व्हँ जोन, साव्हान्यँ द्राक्षांची. पिंपात किमान 6 वर्षं 3 महिने. एरवी पिंपातली वाइन आटली की वरून भर घालतात. इथे मुद्दाम घालत नाहीत. मग वर यीस्टची पातळ साय धरते आणि तीच आतल्या वाइनला जपते. लिटरमागे साधारण 62 सेंटिलिटर उरते, म्हणून बाटलीही तेवढ्याच मापाची!

हा धीर समजू शकते मी. पण तोडणीआधी एक समिती मळे बघते, आणि द्राक्षं कमी प्रतीची निघाली तर त्या साली बाटलीवर 'शातो-शालों' हे गावाचं नाव कुणीच लावायचं नाही. 1974, 1980, 1984, 2001. सगळ्या गावाने. कर्ज असलेल्यानेही, घरात लग्न असलेल्यानेही.

रात्रभर तेच डोक्यात होतं. गावाच्या नावासाठी एका सालचं उत्पन्न सोडायला आपल्यातले किती जण एकत्र तयार होतील?