सोल्डर चालत नाही तिथे चांदीचं इपॉक्सी

जळगाव-भुसावळकडच्या रिपेअरिंगवाल्या पोरांना माझं एकच सांगणं आहे भो, सगळीकडे सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. लेड-फ्री सोल्डर 217 डिग्रीच्या आसपास वितळतं, मग कारच्या मागच्या काचेवरची डिफॉगरची (धुकं घालवणाऱ्या गरम रेषांची) टॅब बसवताना काच तडकायची भीती आणि प्लास्टिकची पातळ फ्लेक्स (वाकणारी सर्किटची पट्टी) असली तर ती आकसूनच जाते. तिथे कंडक्टिव्ह ॲडहेसिव्ह, म्हणजे करंट जाऊ देणारा गोंद पाहिजे.

आहे इपॉक्सीच, फक्त त्यात चांदीचे चपटे कण वजनाने साधारण 70-80 टक्के ठासून भरलेले. इपॉक्सी पक्कं होताना थोडं आकसतं, कण एकमेकांवर दाबले जातात आणि करंटला वाट मिळते. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती चांदीची निवड, कारण चांदीवर ऑक्साईड आलं तरी करंट बऱ्यापैकी जातो, तांब्याच्या कणांवर आलं की कनेक्शन गेलंच समजा. म्हणून महाग आहे, इलाज नाही.

टीव्ही पॅनलच्या काचेवरची एसीएफ (करंट नेणारी चिकट फिल्म) वेगळी, तिच्यात कण विरळ असतात, गरम करून दाबलं की करंट फक्त वरून खाली जातो, शेजारच्या लाईनला शॉर्ट होत नाही.

टू-पार्टवालं घ्या, दोन्ही भागांचं प्रमाण वजन करूनच मिसळा. सिंगल-पार्टवालं बऱ्याचदा डीप फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ते काय टिकणार! आणि टिन प्लेटिंगच्या पॅडवर जपून, दमट हवेत तिथला रेझिस्टन्स हळूहळू वाढत जातो.