आई-बाबा, एक छोटी व्हॅन आणि बॅन्फची तळी

कॅलगरीतल्या आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर उन्हाळ्यात हा विषय निघतोच, की दारात गाडी असताना बॅन्फ नॅशनल पार्कला गाइडेड टूर कशाला घ्यायची, उगाच पैसे. पहिलं कारण एकदम सरळ आहे, तिथल्या मोरेन लेकला २०२३ पासून स्वतःची गाडी नेताच येत नाही. पार्क्स कॅनडाची, म्हणजे सरकारी पार्क खात्याची, शटल बस आहे, पण तिच्या बऱ्याचशा सीट्स दोन दिवस आधी सकाळी ८ ला ऑनलाइन सुटतात आणि तेव्हा नेमकी माझी मीटिंग असते. दुसरं कारण मी स्वतः. घरात गाडी मी चालवते, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना डोंगर दिसतात आणि मला पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट. आई-बाबा नाशिकहून आले होते, म्हटलं यावेळी मी पण खिडकीत बसणार.

तर ऑगस्टमध्ये, बाराएक जणांची व्हॅन, तिघं आम्ही, बाकी एक कोरियन कुटुंब आणि दोन जर्मन मुली. गाइड तरुण पोरगा, गाडीही तोच चालवत होता. लेक लुईसपर्यंत साधारण १८५ किलोमीटर, वाटेत हायवेवर झाडं-गवत उगवलेले पूल लागतात, अस्वलं आणि हरणं रस्ता ओलांडायला ते वापरतात. आईने दोन्ही बाजूंना बघून घेतलं, एकही अस्वल पूल ओलांडत नव्हतं, तिचा जरा विरसच झाला.

आधी मोरेन. इथे बोलणं बंद होतं हे खरंय, मागे दहा शिखरं ओळीने आणि पुढे ते निळं. कॅनडाच्या १९६९ आणि १९७९ च्या वीस डॉलरच्या नोटेवर हेच दृश्य होतं, गाइडने जुनी नोट काढून समोर धरायला दिली. उंची १,८८५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्याही वर. पाणी असं निळं का, तर वरच्या हिमनद्या खडक दळून पिठासारखा बारीक करतात, ते पीठ वितळत्या पाण्यातून तळ्यात येतं, लवकर खाली बसत नाही, तरंगत राहतं, आणि उजेड त्यावर विखुरला की हा रंग. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे गाळ. आम्ही आयुष्यभर धरणातल्या गाळाच्या नावाने बोटं मोडली आणि हे लोक गाळ दाखवायचे पैसे घेतायत." मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं तर तो इतका हसला की पुढे दिवसभर बाबांना 'इंजिनियर सर' म्हणत होता. मग त्याने सांगितलं की ज्या दगडांच्या ढिगावर सगळे फोटोसाठी चढतात तो हिमनदीने आणून टाकलाय (अशा ढिगाला मोरेन म्हणतात) असं समजून वॉल्टर विलकॉक्स या भटक्याने १८९९ मध्ये तळ्याला हे नाव ठेवलं, पण ती शेजारच्या डोंगराची कोसळलेली दरड असावी असंही मानतात. बाबा ढिगाकडे बघून लगेच म्हणाले, दरडच आहे. विषय संपला. आईचे गुडघे दुखतात, पण पायऱ्या आहेत, सावकाश चढली.

लेक लुईस मला तेवढं नाही आवडलं, लिहिते स्पष्ट. तळं सुंदर आहे, मागे व्हिक्टोरिया ग्लेशियर, पण काठावर ते अवाढव्य हॉटेल आणि त्याच्यासमोर लग्नाच्या हॉलसारखी गर्दी. गोष्ट मात्र लक्षात राहिली. १८८२ मध्ये रेल्वेसाठी काम करणाऱ्या टॉम विल्सनला इथल्या मूळच्या स्टोनी नाकोडा लोकांपैकी एका वाटाड्याने इथे आणलं, त्या लोकांचं नाव होतं 'छोट्या माशांचं तळं', विल्सनने ठेवलं एमराल्ड लेक, आणि मग व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचं नाव लागलं. आईचा पहिला प्रश्न, "आणि दाखवणाऱ्याचं?" इथे आम्हाला दोन तास दिले, एक पुरला असता. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र निवांत खाऊन झाली, एक कणही खाली सांडू द्यायचा नाही हा नियम, खारी पायाशी येऊन बसतात तरी.

मग ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, योहो नॅशनल पार्कला. वाटेत स्पायरल टनेल्स, १९०९ चे. आधी इथे रेल्वेचा चढ ४.५ टक्के होता, म्हणून डोंगराच्या पोटात गोल फिरवून तो जवळजवळ निम्मा केला, लांबलचक मालगाडी असली तर तिचं तोंड आणि शेपूट वेगवेगळ्या उंचीवर एकाच वेळी दिसतं. आम्हाला गाडी मिळाली! आई इगतपुरीची, कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लावलेलं बघत वाढलेली, तिने डबे मोजायला घेतले आणि शंभरच्या पुढे नाद सोडला. कुठल्याच तळ्यावर ती एवढी खूश नव्हती.

आणि शेवटी योहोतलं एमराल्ड लेक (लुईसचं जुनं नाव तेच, पण हे तळं वेगळं), हे खरं तळं, हिरवं, शांत, पण इथे जेमतेम पाऊण तास, हे वेळेचं गणित टूरवाल्यांनी उलटं करायला पाहिजे. काठाने पूर्ण फेरी पाचेक किलोमीटरची आहे, आम्ही थोडंच गेलो. समोरच्या डोंगरात बर्जेस शेल, पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे जीवाश्म, तिथे गाइडशिवाय सोडत नाहीत आणि जीवाश्मांच्या वॉलकॉट क्वॉरी या खाणीला जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर चालायला लागतं. बाबांनी बुकिंग कसं करतात ते विचारून घेतलंय. आई म्हणाली, तुम्ही जा, मी खाली ट्रेन बघत बसते.

कुणाला जायचं असेल तर मोरेनचा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो, आणि जूनच्या सुरुवातीला तळ्यांवर बर्फ असू शकतो, तेव्हा रंगासाठी जुलै-ऑगस्टच धरा.