उभ्या पायाचा गुडघा

डिसेंबरमधली सकाळ. थंडी अशी की क्लिनिकच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. बाबांच्या मागोमाग एकेक पायरी करत ती जिना चढून आली. वय 15, कराटेतल्या ब्राऊन बेल्टची परीक्षा तोंडावर. डावा गुडघा मुरगळलेला. एमआरआयमध्ये काही फाटलेलं दिसलं नव्हतं. अशी मुरड साधारण दोन-तीन आठवड्यांत उतरते. हिचा पाचवा आठवडा चालू होता, तरी गुडघ्याच्या कडेला बोट दाबलं की ती अजून कळवळत होती.

बाबा सातपूरला कारखान्यात कामाला. ते म्हणाले, "मॅडम, किक तर ती उजव्या पायाने मारते. मग डावा का दुखतो?"

हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. मी गुडघा तपासला होता, मांडीचे व्यायाम दिले होते, पण तिला किक मारताना एकदाही पाहिलं नव्हतं. याची मला आजही खंत वाटते.

"मावाशी गेरी, ती बाजूने फिरवून मारायची किक, दाखवतेस? भिंत धरून, अगदी हळू. उंच नको. दुखलं की तिथेच थांब." बूट घालूनच करायला लावलं, कारण क्लासच्या हॉलचं रंगकाम चालू असल्याने दीड महिना सराव बाहेर, सिमेंटच्या मैदानावर होता. मी खाली बसले आणि तिच्या डाव्या बुटाभोवती खडूने रेघ ओढली.

उजवा गुडघा वर आला, कंबर वळली, पाय बाजूने आडवा फिरला. मी नजर खालीच ठेवली होती. डावा बूट रेघेच्या आत, तसूभरही हलला नाही. अंग सगळं डावीकडे वळलेलं, पाऊल मात्र समोर रोखलेलं. मधल्या गुडघ्याचा ओला टॉवेल पिळावा तसा पीळ होत होता.

गुडघा मुख्यतः बिजागरीचं काम करतो. पाय सरळ असताना तर त्यात फिरायला जवळजवळ जागाच नसते. फिरायचं ते खुब्याने आणि पावलाने. मॅटवर अनवाणी चवड्यावर पाऊल सहज वळतं, टाच लक्ष्याच्या दिशेला येते. सिमेंटवर बुटाचा रबरी तळ पकडून बसतो आणि सगळा ताण गुडघ्यातल्या गाद्यांवर आणि लिगामेंटवर जातो.

"पण सराव तर बंद आहे ना तुझा?" मी विचारलं. ती खडूच्या रेघेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गच्चीवर मारते. रोज पन्नास. परीक्षा आहे ना."

मी तिच्या कराटेच्या सरांना फोन केला. अकरा वाजता ते सिडकोहून गाडी काढून आले. आढेवेढे न घेता त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला ते फार मोठं वाटलं. हॉल उघडेपर्यंत बाहेर फक्त स्टान्स, म्हणजे उभं राहायचे पवित्रे, आणि हाताचं काम. थंडीत आधी दहा-पंधरा मिनिटं अंग तापवायचं. हवेत किक मारताना गुडघा झटक्याने पूर्ण सरळ करायचा नाही, थोडा वाकलेला असतानाच पाय मागे घ्यायचा. जोर काढायचा तो पॅडवर. आणि एक मी दोनदा बजावलं: गुडघ्यात 'टक्' असा आवाज होऊन काही तासांत सूज चढली, तर तेल लावून मालिश नाही, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. मालिशीत गेलेले आठवडे मी फार मुलांचे पाहिलेत.

सरांनी बूट काढले, मोजे काढले, त्याच गार फरशीवर त्या रेघेत उभे राहिले आणि सावकाश मावाशी गेरी घेतली. आधी टाच वळली, मग कंबर. "पाहिलंस? पाय उचलायच्या आधी खाली बघ."

या वेळी परीक्षेला बसायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ती रडली. आम्ही तिघांनीही तिला रडू दिलं.