दीड तोळ्याचा ड्रोन: घरातल्या घरात उडवण्याचा माझा अनुभव

घरात उडवता येईल असा तळहाताएवढा परदेशी ड्रोन सहज मिळत असता, तर मी तो विकत घेऊन मोकळा झालो असतो. परंतु 9 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आणि संरक्षण, संशोधन अशा मोजक्या कामांपुरतेच अपवाद ठेवले. सुट्या भागांची आयात मात्र मोकळी राहिली. त्यामुळे सांगाडा, मोटरी, सर्किट बोर्ड आणि कॅमेरा असे एकेक भाग जमवून ड्रोन स्वतः जुळवणे हा मार्ग मी धरला, आणि या छंदातला खरा रस त्या जुळवाजुळवीतच आहे असे माझे आता ठाम मत झाले आहे. 2021च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात मोडतो आणि तो उडवण्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. माझे यंत्र बॅटरीसकट त्या मर्यादेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके भरते.

या जातीच्या ड्रोनला ‘टायनी व्हूप’ म्हणतात. अमेरिकेतील जेसी पर्किन्स यांनी 2016च्या सुमारास ब्लेड इंडक्ट्रिक्स नावाच्या खेळण्यावर इवलासा कॅमेरा बसवला आणि त्याचे चित्र डोळ्यांवरच्या पडदेवाल्या गॉगलमध्ये पाहत ते उडवले, तेथून हा प्रकार रूढ झाला. चारही पंख्यांभोवती प्लॅस्टिकची कडी असल्यामुळे भिंतीला किंवा सोफ्याला धडक बसली तरी सहसा काही बिघडत नाही. माझ्या सांगाड्याचे माप 65 मिलिमीटर, म्हणजे समोरासमोरच्या तिरप्या मोटरींमधील अंतर तेवढे, आणि पंख्याचा व्यास 31 मिलिमीटर.

भाग हाती आल्यावर मी पहिले काम केले ते प्रत्येकाचे वजन करण्याचे. त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, सोनाराच्या दुकानात असतो तसा खिशातला डिजिटल काटा घेतला. 0702 मापाच्या (गाभ्याचा व्यास 7 आणि उंची 2 मिलिमीटर) चार मोटरी मिळून 6 ग्रॅम, सांगाडा 3.1, रिसीव्हर आणि व्हिडिओ ट्रान्समीटर अंगभूत असलेला बोर्ड 4.1, कॅमेरा 1.5, त्यावरची कॅनॉपी म्हणजे कवच 0.9, पंखे 0.8 आणि बॅटरीची वायर, स्क्रू वगैरे किरकोळ सामान 1.1 ग्रॅम. बॅटरीशिवाय बेरीज साडेसतरा ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने बरोबर दीड तोळा. बॅटरी 300 मिलिअँपिअर-अवरची, एकाच सेलची, आणि तिचे वजन 8 ग्रॅमच्या आसपास. एवढ्या हलक्या यंत्रात अर्धा ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीन टक्के वजन झाले, आणि खोलीच्या कोपऱ्यात झटकन वळताना तेवढा फरक रिमोटच्या स्टिकवर स्पष्ट जाणवतो.

हा अर्धा ग्रॅम कोठून काढायचा, याचे उत्तर मोटरींच्या प्लगांमध्ये सापडले. मोटरीच्या वायरींना लहान प्लग असतात आणि बोर्डावर त्यांची सॉकेटे असतात. ती सॉकेटे उतरवून वायरी थेट बोर्डाला सोल्डर केल्या की चार प्लग आणि चार सॉकेटे यांचे वजन वाचते, शिवाय धडकेने प्लग सैल होण्याची कटकटही मिटते. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, मी अगदी बारीक टोकाची सोल्डरिंग बिट आणि कथील नीट धरावे म्हणून लावायचा चांगला फ्लक्स आणला. फ्लक्सवर कंजुषी करू नये, कारण हे पॅड ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतात, आणि टोक तेथे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवले तर पॅडच उखडून येण्याची भीती असते. वायरीच्या टोकाला आधी कथील चढवून घ्यावे, चिमट्याने ती पॅडवर धरावी आणि बिट फक्त टेकवून उचलावी.

बॅटरीच्या जोडणीबाबत मात्र मी वजनाऐवजी विद्युत रोधाचा विचार केला. अशा ड्रोनवर पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएच 2.0 प्लगची मूळ क्षमता 2 अँपिअर असते, आणि ही बॅटरी साडेतीन मिनिटांत संपवणारा ड्रोन सरासरी 5 अँपिअर ओढतो. जोडणीत समजा 20 मिलिओहम रोध असला आणि पूर्ण थ्रॉटलला 10 अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर 0.2 व्होल्ट तेथेच वाया जातात. पूर्ण भरल्यावर माझा हा सेल 4.35 व्होल्टचा असतो आणि साधारण 3.3 व्होल्टला मी ड्रोन उतरवतो, हे पाहता ही गळती क्षुल्लक म्हणता येणार नाही. म्हणून बीटी 2.0 हा भरीव पिनांचा प्लग बसवला.

बोर्ड चालवणाऱ्या बीटाफ्लाइट या मुक्त (ओपन सोर्स) संगणकप्रणालीत मोटरींच्या फिरण्याच्या दिशा, रिसीव्हर आणि स्विच ठरवण्याचे काम एका संध्याकाळी आटोपले. बोर्डावरील मोटर नियंत्रकांत ब्लूजे नावाची प्रणाली घातल्यामुळे प्रत्येक मोटर आपला फिरण्याचा वेग बोर्डाला कळवते आणि नेमक्या त्याच वारंवारतेची थरथर गाळून टाकता येते. या मोटरी बिनभाराने मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतात, त्यामुळे एखादे पाते किंचित वाकले तरी जायरोला, म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला, भूकंप झाल्यासारखे वाटते आणि बोर्ड ती नसलेली हालचाल सावरण्यात बॅटरी खर्च करत राहतो. बोर्डाखालच्या रबरी बुचांचे स्क्रूही याच कारणासाठी फार आवळू नयेत; बोर्ड बोटाने दाबला असता थोडासा हलला पाहिजे.

प्रत्यक्ष उडवण्याचा सराव मी आधी संगणकावरील सिम्युलेटरवर केला, रेडिओ (हातातला रिमोट) मात्र तोच वापरला. ड्रोन आपोआप समतोल राखतो त्या अँगल मोडपेक्षा सर्व काही आपल्या हाती सोपवणाऱ्या अ‍ॅक्रो मोडवर थेट जाणे मला श्रेयस्कर वाटते, कारण एकाची सवय दुसऱ्यात आडवी येते. घरातील हवेचे स्वतःचे स्वभाव असतात. छताच्या फार जवळ गेले की पंख्यांना वरून हवा कमी पडते, तेथील दाब घटतो आणि ड्रोन छताला चिकटतो. थ्रॉटल थोडा कमी करून त्याला सोडवावे लागते. छताचा पंखा चालू असताना उडवणे तर अशक्यच, आणि एप्रिलमध्ये भर दुपारी पंखा बंद ठेवण्यास घरचे राजी नसतात, म्हणून उन्हाळ्यात माझी उड्डाणे पहाटे होतात. ड्रोन पालथा पडला तर टर्टल मोडमध्ये मोटरी उलट्या फिरवून तो बसल्या जागेवरून सरळ करता येतो, त्यामुळे पलंगाखाली सरपटण्याची वेळ क्वचितच येते.

देखभालीत सर्वांत जास्त वेळ खातात ते केस. केर काढलेला असला तरी एखादा लांब केस पंखा आणि मोटर यांच्यामधील फटीत गुंडाळला जातोच, मोटर तापू लागते आणि तिचा आवाज भरडा होतो. अशा वेळी पंखा एका बाजूने न उपटता दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून वर काढावा, नाहीतर मोटरीचा वरचा भाग दांड्यासकट हाती येतो. मग बारीक चिमट्याने केस उलगडावा.

पंख्यांमध्ये दोन पात्यांचे आणि तीन पात्यांचे असे दोन्ही संच मी ठेवले आहेत. दोन पात्यांचे जास्त वेळ उडतात, परंतु खुर्चीच्या पायांमधून वळण घेताना तीन पात्यांची पकड मला अधिक विश्वासाची वाटते. कॅमेऱ्याचा कोन 25 अंशांवरून 15वर आणला, कारण जास्त कोनात समोरचे दिसण्यासाठी जो वेग लागतो तो आमच्या दिवाणखान्याला झेपत नाही. काट्यावर आता बॅटरीशिवाय 17 ग्रॅम भरतात. याहून कमी करायचे तर कॅनॉपी काढावी लागेल, आणि कॅमेरा उघडा पाडण्याची माझी तयारी नाही, म्हणून वजनकपात मी येथेच थांबवली आहे.