पडल्यावर काय? – माझं पहिलं नायट्रो हेलिकॉप्टर

2010 च्या उन्हाळ्यात माझ्या वहीत तीन रकाने होते: 30, 50 आणि 90. इंजिनवर उडणाऱ्या रिमोट हेलिकॉप्टरचे हे वर्ग. आकडा इंजिनाच्या घनफळाचा, घन इंचाच्या शंभराव्या हिश्शात. 30 म्हणजे साधारण 5 सीसी, 50 म्हणजे 8 च्या आसपास, 90 म्हणजे 15. ज्या लुनावर मी कॉलेजला गेलो ती 50 सीसीची होती. तिच्या एक दशांश इंजिन सव्वा मीटरचा पंखा फिरवून तीन-साडेतीन किलो वजन हवेत तोलून धरतं, हे मला मशीनशॉपमधल्या माणसाला पटतही नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

इलेक्ट्रिक का नको, हे घरी विचारलं गेलंच. त्या आकाराच्या लिपो बॅटऱ्या तेव्हा इतक्या महाग होत्या की तीन उड्डाणांसाठी तीन संच घेणं मला झेपलं नसतं, आणि माळावर चार्जिंग कुठे करणार? इंजिनवाल्यात टाकी भरली की दहा-बारा मिनिटं उडवा, पुन्हा भरा. (खरं कारण आवाज आणि धूर. ते घरी सांगितलं नाही.)

तळेगावच्या पुढे एका माळावर रविवारी सकाळी एक काका उडवायला यायचे. वायुसेनेतून निवृत्त, कमी बोलणारे. मी वही पुढे केली. मोठं मशीन वाऱ्यात स्थिर राहतं, लांबून नीट दिसतं, म्हणून 50 घ्यावं असं माझं चाललं होतं. अलाइन या तैवानी कंपनीचं टी-रेक्स 600 मनात भरलं होतं. कार्बन फायबरची फ्रेम, दिसायला देखणं. काकांनी वही न बघताच विचारलं, "पडल्यावर काय?"

"म्हणजे?"

"पडणार तर आहेच. ब्लेड, फ्लायबार, स्पिंडल, मेन शाफ्ट, टेल बूम. एवढं दर वेळी जातं. ते कुठून आणणार, कितीला आणि किती दिवसांत, ते आधी लिही. मग बघू कुठलं घ्यायचं."

लिहिलं: ब्लेड म्हणजे पंख्याची पाती, फ्लायबार म्हणजे पंखा स्थिर ठेवणारा आडवा दांडा, स्पिंडल म्हणजे पाती धरणारा आस, मेन शाफ्ट म्हणजे पंखा फिरवणारा उभा दांडा, टेल बूम म्हणजे शेपटीची नळी. 90 चा रकाना पाच मिनिटांत खोडला गेला. 50 चे 600 मिलिमीटरचे ब्लेड आणि 30 चे 550 चे, यांच्या किमतीतला फरक पाच वेळा पडलो तर किती होतो ते मांडलं आणि गप्प बसलो. उरलं थंडर टायगरचं रॅप्टर 30. तेही तैवानचंच, पण फ्रेम प्लॅस्टिकची, रूप बेताचं. मात्र काका स्वतः रॅप्टरच उडवत होते, आणि त्यांच्या गाडीच्या डिकीत सुट्या भागांचा डबा होता.

तरी मोह सुटत नाही. ठाण्यात एकाकडे जुनं 50 निम्म्या किमतीत मिळत होतं, रेडिओसकट, म्हणजे हातातल्या रिमोटसकट. शनिवारी गेलो. वरून चकाचक. मी कूलिंग फॅनला बोट लावून इंजिन हळूच फिरवलं. चांगलं इंजिन पिस्टन वर येताना दाबून धरतं, मग सुटतं. हे सरळ फिरलं, आणि फिरताना बेअरिंगमधून खरखर आली. ती खरखर मी रोज ऐकतो. इंधनातलं मेथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उडवून झाल्यावर इंजिनात तेलाचे थेंब न सोडता पावसाळाभर ठेवलं की आत गंज धरतो. मालक म्हणाला, "दोन टाक्या चालवा, मोकळं होईल." मी चहा पिऊन परत आलो.

मग नवं रॅप्टर मागवलं. इंजिन किटबरोबर आलं. रेडिओ फुताबाचा 7सी, शेपटीसाठी त्यांचाच जीवाय401 जायरो. जायरोत काटकसर करू नकोस, असं काकांनी बजावलं होतं. शेपूट स्वतःहून जागेवर राहिली नाही तर नवशिक्याचं सगळं लक्ष तिथेच जातं. रॅप्टरमध्ये मिक्सिंग, म्हणजे पात्यांच्या हालचालींचा मेळ, यांत्रिक दांड्यांनी होतो. एक सर्व्हो (रेडिओच्या हुकमाने दांडी हलवणारी छोटी मोटर), एक काम. काही बिघडलं तर डोळ्यांना दिसतं. जुळणीला तीन आठवडे गेले. धातूत धातू बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं लॉकटाइट. एक महिना रात्री कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. तिथे मी किती वेळा आपटलो ते मोजायचं सोडून दिलं.

सगळ्यात चिवट निघालं ते इंधन, आणि त्याचा मी वहीत विचारच केला नव्हता. नाव नायट्रो, पण इंधनात मुख्य असतं मेथेनॉल, त्यात वंगणाला तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. मेथेनॉल म्हणजे विष. केमिकलवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कंपनीचं पत्र मागितलं. त्याचं चुकलं नव्हतं. पुढे 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मेथेनॉलनेच. नायट्रोमिथेन मला कुठेच मिळालं नाही. शेवटी काकांनी त्यांच्याकडचं मिश्रण दिलं: 80 टक्के मेथेनॉल, 20 टक्के एरंडेल. म्हणजे माझ्या नायट्रो हेलिकॉप्टरच्या पहिल्या कॅनमध्ये नायट्रोचा थेंबही नव्हता! इंजिन मंद गतीवर जरा अडखळायचं, पण चालायचं. हे उन्हात जळताना ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून ओली चादर जवळ ठेवायची, आणि भरताना हातमोजे.

पहिल्या दिवशी उडवणं नव्हतंच. नवं इंजिन रुळवायला, इंधन जास्त जाईल अशी कार्ब्युरेटरची नीडल मोकळी ठेवून, भरपूर धूर सोडत तीन टाक्या जाळल्या. खाली जुनी ताडपत्री, नाहीतर मुरमाची धूळ थेट कार्ब्युरेटरमध्ये. काका पंधरा पावलं मागे उभे राहायला लावायचे. ब्लेड मिनिटाला 1,600 फेरे घेतात. टोकाचा वेग ताशी 350 किलोमीटरच्या वर जातो, हे नंतर घरी गणित करून पाहिलं आणि पंधराची वीस पावलं केली. दुसऱ्या रविवारी, कलंडू नये म्हणून पायांना फुलीसारख्या काठ्या आणि त्यांच्या टोकांना चेंडू बांधून, हेलिकॉप्टर वीतभर उचललं. तीन सेकंद. माझे गुडघे थरथरत होते. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, शर्टाला एरंडेलाचा वास येतोय, काही खाल्लंत का?"

पाचव्या रविवारी हेलिकॉप्टरचं नाक माझ्याकडे वळलं, डावं-उजवं उलटं झालं आणि मी रेडिओवरची काठी नेमकी चुकीच्या बाजूला दाबली. ब्लेड, फ्लायबार, स्पिंडल, शाफ्ट, बूम. यादीत एकही चूक नव्हती. काकांनी डिकी उघडली, ब्लेड सोडून सगळं डब्यात निघालं.

वाकलेला मेन शाफ्ट सोमवारी कामावर नेला. जेवणाच्या सुट्टीत व्ही-ब्लॉकवर (गोल दांडा फिरवायच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून वाक मोजायचा डायल लावला: 0.4 मिलिमीटर. नवा लावला, काटा हललाच नाही. सुपरवायझर मागे येऊन उभे होते. "हा कुठल्या पार्टीचा जॉब?" मी म्हटलं, "घरचाच आहे, साहेब." त्यांनी शाफ्ट उचलून उजेडात धरला आणि ग्राइंडिंगचं कौतुक करत बसले, मला वाटतं, डबा खायचा राहिलाच त्यांचा.